कुत्र्याची छाती दाबताना रक्त कसं फिरतं, आणि हात कुठे ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सीपीआर देताना, म्हणजे बंद पडलेलं हृदय परत सुरू व्हावं म्हणून छाती दाबून श्वास देताना, लॅब्रॅडॉरला कुशीवर झोपवून छातीच्या सगळ्यात फुगीर भागावर दाबायला सांगतात, सडपातळ शिकारी कारवान कुत्र्याला थेट कोपरापाशी, आणि बुलडॉगला उताणं करून. तिघांचं हृदय एकाच जागी असताना दाबायच्या जागा तीन का? आणि हृदय बंद पडलेलं असताना रक्त पुढे सरकतं तरी कसं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळलं की पहिला आपोआप सुटतो, म्हणून तिथून सुरुवात करू.

बीपी मोजायच्या मशीनचा रबरी फुगा डोळ्यांसमोर आणा. फुगा दाबला की हवा पट्ट्यात जाते, सोडला की मागच्या भोकातून नवी हवा आत येते. हवा उलटी फिरत नाही, कारण आत झडपा आहेत. हृदय बंद पडलं तरी त्याच्या चारही झडपा शाबूत असतात, आणि त्यांना उघडमिट करायला विजेची गरज नसते. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक पुरतो. बरगड्यांच्या मध्ये हृदय चेपलं गेलं की खालच्या कप्प्यांतला दाब वाढतो, वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतात, महाधमनीची आणि फुप्फुसाच्या धमनीची झडप उघडते, रक्त पुढे जातं. हात उचलला की कप्पे पुन्हा फुगतात आणि शिरांमधलं रक्त आत ओढलं जातं. हा झाला हृदयाचा पंप. तो चालायला एकच अट आहे: छातीची भिंत आणि हृदय यांत अंतर कमी हवं, म्हणजे हाताचा जोर हृदयापर्यंत पोचेल.

ही अट गोल, भरदार छातीच्या कुत्र्यात पुरी होत नाही. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांना कुशीवर झोपवलं की वरची भिंत आणि हृदय यांच्या मध्ये हवेनं भरलेल्या फुप्फुसाचा जाड थर येतो. तुमचा जोर हृदयापर्यंत पोचेपर्यंत पसरून जातो. पण तो वाया जात नाही. छातीच्या बंद पेटीत सगळीकडे एकदम दाब वाढतो, लोहाराचा भाता दाबल्यावर वाढतो तसा. हा दाब हृदयावर, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर, महाधमनीवर आणि मोठ्या शिरांवर जवळपास सारखाच पडतो. मग रक्त पुढेच का जातं, मागे का नाही? कारण छातीच्या बाहेर पडणाऱ्या नळ्या सारख्या नाहीत. धमनीची भिंत जाड, ती मिटत नाही, त्यामुळे छातीतला दाब मानेतल्या धमनीत जसाच्या तसा पोचतो. मानेकडून येणारी शीर मात्र पातळ. छातीच्या तोंडाशी ती दुधाच्या रिकाम्या पिशवीसारखी चिकटून बसते, शिवाय तिथे झडपाही असतात. परिणामी छातीबाहेर धमनीत दाब जास्त आणि शिरेत कमी असा फरक तयार होतो, आणि त्या फरकावर रक्त मेंदूकडे वाहतं. या सगळ्यात हृदय नुसती नळी असतं. खरा साठा फुप्फुसांत असतो, तिथलं रक्त डाव्या बाजूतून पुढे ढकललं जातं.

या दोन पंपांचा वाद जुना आहे, आणि त्याची सुरुवात कुत्र्यांपासूनच झाली. 1958 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गाय (Guy) निकरबॉकर हे संशोधक कुत्र्यांवर डिफिब्रिलेटरची, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय परत आणणाऱ्या यंत्राची, चाचणी घेत होते. शॉक देण्याआधी जड पॅडल नुसती छातीवर दाबली तरी धमनीतला दाब वर उसळतो, हे त्यांच्या लक्षात आलं. 1960 मध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता हृदय चोळण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि छातीचं हाड व मणका यांच्या मध्ये हृदय पिळलं जातं असं सगळे धरून चालले. मग 1976 मध्ये हृदयरोगतज्ज्ञ क्रायली यांनी दाखवलं की हृदयाची तपासणी चालू असताना हृदयाची लय बिघडलेले रुग्ण नुसते जोरजोरात खोकत राहिले तर काही काळ शुद्धीवर राहतात. खोकताना हृदयाला कोणी हात लावत नाही, वाढतो तो छातीतला दाब. तिथून छातीच्या पंपाची कल्पना पुढे आली. आज कोणी एकच बरोबर असं म्हणत नाही. दोन्ही पंप बहुतेक वेळा एकत्र चालतात, कोणाचा वाटा मोठा हे छातीच्या आकारावर ठरतं.

आता जागा.

अरुंद, खोल छातीचे कुत्रे म्हणजे ग्रेहाउंड आणि आपल्याकडचे सगळे शिकारी हाउंड: लातूरकडचा कारवान, पश्मी, शेजारच्या कर्नाटकातला मुधोळ. गावठी कुत्र्यांतही सडपातळ, खोल छातीचे बरेच दिसतात. समोरून पाहिलं तर छाती होडीच्या तळासारखी निमुळती. कुशीवर झोपवल्यावर दोन भिंतींत अंतर थोडं, हृदय लगेच हाताखाली. इथे हृदयाचा पंप वापरायचा. जागा शोधायला वरच्या बाजूचा पुढचा पाय मागे वाकवा. कोपराचं टोक छातीला जिथे टेकतं, तिथे साधारण चौथ्या-पाचव्या बरगडीखाली हृदय असतं. पाय पुन्हा पुढे करा आणि तळहात तिथे ठेवा.

गोल छातीच्या कुत्र्यात कुशीवर झोपवल्यावर जो भाग सगळ्यात उंच येतो तिथे दाबा. ही जागा हृदयाच्या बरीच मागे आणि पाठीच्या बाजूला येते, म्हणून नवख्याला चुकल्यासारखं वाटतं आणि त्याचा हात हळूहळू कोपराकडे सरकतो. सरकू देऊ नका. भाता दाबायचा असेल तर जिथे तो सगळ्यात जास्त दबेल तिथेच दाबावा लागतो.

इंग्लिश बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांची छाती खोलीपेक्षा रुंदीला जास्त. कुशीवर झोपवलं तर हृदय दोन्ही भिंतींपासून लांब पडतं, उताणं केलं तर छातीच्या हाडाच्या बरोबर खाली येतं, माणसासारखं. म्हणून उताणं करून हाडाच्या मध्यावर, हृदयाच्या वर दाबायचं. उताणा कुत्रा लोळतो ही अडचण खरी आहे. ऑपरेशनला वापरतो ती व्ही आकाराची पन्हळ (ट्रफ) किंवा दोन्ही बाजूंना गुंडाळलेली चादर पुरते. कशानंच स्थिर राहत नसेल तर झटापट करत बसू नका, कुशीवर घ्या आणि दाबायला लागा. जागा थोडी चुकलेली परवडते, थांबलेला हात परवडत नाही.

पाच-सात किलोपर्यंतच्या पॉमेरेनियन, चिहुआहुआला दोन हातांची ताकद लावू नये. एका हाताचा अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला घेऊन छातीच्या हाडाभोवती मूठ करावी, किंवा दोन्ही हातांनी छातीला विळखा घालून दोन अंगठ्यांनी हृदयावर दाबावं. बोटं थकली की तळहातावर या. कूस डावी की उजवी यानं फरक पडत नाही.

किती खोल? कुशीवर असेल तर छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मं. छाती आडवी 18 सेंटीमीटर भरत असेल तर दर वेळी हात 6 ते 9 सेंटीमीटर खाली गेला पाहिजे. टेपानं मोजून बघा, वाटतं त्यापेक्षा हे बरंच जास्त असतं. उताण्या बुलडॉगला मात्र हाडापासून मणक्यापर्यंतच्या अंतराच्या एक चतुर्थांशच. वेग मिनिटाला 100 ते 120. मोबाइलवर मेट्रोनोम (टिकटिक करून ताल देणारं ॲप) 110 ला लावून ठेवलं की कोणाला मोजावं लागत नाही. 120 च्या पुढे गेलात की खोली आपोआप कमी होते आणि हृदय भरायला वेळ उरत नाही. बरगडी मोडण्याचा आवाज आला तर हाताची जागा बरोबर आहे ना एवढं बघा आणि पुढे चालू ठेवा. मोडलेली बरगडी नंतर जुळते.

हे सगळं बहुतेकांना माहीत असतं. ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ती गोष्ट म्हणजे हात सोडणं.

दाबताना रक्त शरीरात जातं, पण हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हात सोडल्यावर. हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या महाधमनीच्या बुडापासून निघतात आणि त्यांतलं रक्त शेवटी उजव्या वरच्या कप्प्यात येतं. म्हणजे हात वर असताना महाधमनीत जो दाब उरतो त्यातून उजव्या कप्प्यातला दाब वजा केला की हृदयाच्या वाट्याला काय येतं ते कळतं. माणसांवर 1990 मध्ये झालेल्या अभ्यासात हा फरक 15 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली राहिलेल्या एकाचंही हृदय पुन्हा सुरू झालं नाही. आता समजा, हात पूर्ण सुटतोय तेव्हा महाधमनीत 28 आणि उजव्या कप्प्यात 10 आहे. फरक 18, काम होण्याजोगं. दाबणारा दमला आणि छातीवर रेलला. छाती पूर्ण वर येत नाही, आतली ओढ कमी होते, उजव्या कप्प्यात 15 राहतं, रक्त कमी भरल्यामुळे महाधमनीत 25 च. फरक 10. बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसत नाही, हात तसाच खालीवर होतोय, पण हृदय उपाशी आहे. रेलल्यामुळे मेंदूकडून परत येणारं रक्तही तुंबतं, तो तोटा वेगळाच.

रेलणं टाळायचं असेल तर उंची नीट हवी. हात एकावर एक, कोपरं सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर, आणि जोर कमरेतून. टेबल उंच असेल तर कोपरं वाकतात, दंडांच्या ताकदीवर काम येतं आणि मिनिटाभरात माणूस रेलू लागतो. पायाखाली स्टूल घ्या, नाहीतर कुत्र्याला जमिनीवर घेऊन शेजारी गुडघे टेका. स्टीलच्या टेबलावर कुत्रा दर धक्क्याला पलीकडे सरकत असेल तर त्याच्या पाठीच्या बाजूला उभं राहून दुसऱ्याला समोरून आधार द्यायला सांगा. मऊ गादीवर असेल तर निम्मा जोर गादीच खाते. काढून टाका.

दुसरा चोर म्हणजे थांबणं. धमनीतला दाब एका धक्क्यात तयार होत नाही. प्रत्येक धक्क्यानं तो थोडाथोडा चढत जातो, आणि हृदयाला मिळणारा दाब पूर्ण भरात यायला सलग दाबणं चालू असताना सुमारे मिनिटभर लागतं. थांबलात की काही सेकंदांत तो खाली येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून चढण. म्हणून दोन मिनिटांची सलग पाळी ठेवायची, म्हणजे 200 ते 240 धक्के. पाळी संपताना दुसऱ्यानं आधीच जागा घेऊन तयार राहायचं, त्याच फटीत ईसीजीवर नजर टाकायची, आणि सगळं मिळून दहा सेकंदांच्या आत. श्वासनलिकेत नळी घालायला, शीर शोधायला, ईसीजीच्या क्लिपा लावायला दाबणं थांबवू नये. कुत्रा कुशीवर असताना, दाबणं चालू असताना नळी घालता येते. जीभ पुढे ओढून धरणारा माणूस आणि लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण) हवा.

सुरुवातीलाही असाच वेळ जातो. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा अधूनमधून नुसती उचकीसारखी धाप: इतकं दहा-पंधरा सेकंदांत बघा आणि दाबायला लागा. मांडीतली नाडी शोधत बसू नका. जिवंत असूनही ती न सापडणं जसं होतं, तसंच नसताना आपल्याच बोटाची जाणवणंही होतं.

नाडीवरून आठवलं. दाबणं चालू असताना मांडीत नाडी लागते म्हणून अनेक जण खूश होतात. पोटातल्या मोठ्या शिरेत रक्त मागे जाऊ नये अशी झडप नसते, त्यामुळे दर धक्क्याला शिरेतही लाट मागे जाते आणि बोटाला ती नाडीसारखीच लागते. तिच्यावरून रक्त पुढे जातंय असं म्हणता येत नाही.

त्यापेक्षा विश्वासाचं मोजमाप म्हणजे कॅप्नोग्राफ, सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड. तो शरीरभर तयार होतो, पण फुप्फुसापर्यंत आणायला रक्त वाहावं लागतं. श्वास देण्याचा वेग सारखा ठेवला तर आकडा थेट रक्तप्रवाहाची बातमी देतो. प्राण्यांच्या सीपीआरसाठी पशुवैद्यांच्या रिकव्हर (RECOVER) गटानं 2012 मध्ये पहिल्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2024 मध्ये सुधारल्या. त्यांनुसार हा आकडा निदान 18 मिलिमीटर पारा असावा. खाली असेल तर औषधाकडे धावण्याआधी दाबणाऱ्याकडे बघा: जागा, खोली, रेलणं, वेग, दमलाय का. हात दोन-तीन सेंटीमीटर मागे-पुढे करून आकडा कुठे वाढतो ते बघावं. मघाशी सांगितलेल्या तीन जागा ही सुरुवात आहे, प्रत्येक कुत्र्याची खरी जागा हा आकडा सांगतो. तो एकदम उसळून 35-40 ला गेला तर बहुधा हृदय सुरू झालंय.

श्वासाबद्दल. कुत्र्यांत हृदय बंद पडण्यामागे बहुतेक वेळा प्राणवायूची कमतरता, जंतुसंसर्ग, रक्तस्राव किंवा भूल असते, म्हणून नुसतं दाबून भागत नाही. पण अति श्वास देणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. नळी असेल तर मिनिटाला 10, म्हणजे सहा सेकंदांनी एक, प्रत्येकी एक सेकंदभर, किलोला 10 मिलिलीटर. 20 किलोच्या कुत्र्याला 200 मिलिलीटर, अँबू बॅग (हातानं पिळून श्वास द्यायची पिशवी) पूर्ण पिळायचं कारण नाही. धांदलीत माणूस मिनिटाला तीस-चाळीसदा पिळतो. दर श्वासानं छातीत दाब चढतो, आणि शिरांतून येणारं रक्त दारातच अडतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घसरून मेंदूच्या धमन्याही आक्रसतात. नळी असताना श्वासासाठी दाबणं थांबवायचं नाही, दोन्ही आपापल्या तालात चालू द्यायचं. नळी नसेल, घरी एकटेच असाल, तर 30 धक्के आणि मग तोंड घट्ट मिटून मान सरळ ठेवून नाकातून 2 श्वास. चांगल्या तालात 30 धक्क्यांना 15 ते 18 सेकंद लागतात.

ॲड्रिनॅलिनही याच गणितासाठी देतात. त्यानं हातापायांच्या, आतड्यांच्या धमन्या आवळतात, महाधमनीतला दाब चढतो आणि हृदय-मेंदूच्या वाट्याला जास्त रक्त येतं. डोस किलोला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅमच्या अँप्युलमधून 20 किलोला 0.2 मिलिलीटर, 3 ते 5 मिनिटांनी. मागून सलाइनचा जोर द्या, नाहीतर औषध पायातच राहतं. पण दाबणं चांगलं नसेल तर ते हृदयापर्यंत पोचणारच नाही. सलाइनची बाटली मात्र सरसकट धाडधाड सोडू नका. रक्तस्राव झालेल्या, आटलेल्या कुत्र्याला ती हवीच, कारण पंपात भरायलाच काही नाही. ज्याचं रक्त पुरेसं आहे त्याच्यात ती उजव्या कप्प्यातला दाब वाढवते, आणि वरच्या वजाबाकीत नेमका तोच आकडा वजा होतो.

हात कामाला असतील तर आणखी एक युक्ती आहे: छाती सोडली जात असताना दुसऱ्यानं पोटावर तळहातानं दाबायचं, छाती दाबताना सोडायचं. पोटातलं रक्त छातीकडे ढकललं जातं. शिकलेला माणूस असेल तरच करा. ताल चुकला तर फायदा नाही.

बाहेरून दाबणं कितीही चांगलं असलं तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पंचवीस ते तीस टक्क्यांच्या वर जात नाही. छातीत पाणी, रक्त किंवा हवा साठली असेल, हृदयाच्या आवरणात रक्त भरलं असेल, तर तेवढंही मिळत नाही, कारण तिथे दोन्ही पंप लटके पडतात. अशा वेळी, आणि पोट आधीच ऑपरेशनला उघडलेलं असेल तर, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीतून छाती उघडून, आवरण कापून हृदय हातात घेऊन दाबण्याचा निर्णय लवकर घ्यावा. वीस मिनिटं बाहेरून दाबून झाल्यावर घेतलेल्या त्या निर्णयाला फारसा अर्थ नसतो. अर्थात त्यासाठी पुढची काळजी घेणारं रुग्णालय हाताशी हवं.

यश किती? दवाखान्यात हृदय बंद पडलेल्या कुत्र्यांपैकी घरी परतणारे शेकड्यात एक आकडीच असतात. भुलेखाली बंद पडलेल्यांचं नशीब बरंच चांगलं, कारण नळी, शीर, माणसं सगळं तयार असतं आणि बहुधा हृदय मुळात धड असतं. तिथे पहिल्या मिनिटाला भुलेचा वायू बंद करणं आणि झायलाझिनसारखं गुंगीचं औषध दिलं असेल तर त्याचा उतारा देणं दाबण्याइतकंच महत्त्वाचं.

सराव जिवंत, धडधाकट कुत्र्यावर कधीही करू नये. घट्ट गुंडाळलेली गादी किंवा प्राण्यांचा मॅनिकिन (सरावाचा पुतळा) घ्या, मेट्रोनोम 110 ला लावा, दोन मिनिटं दाबा. तळहाताखाली एक पोस्टकार्ड ठेवा आणि हात वर असताना ते ओढून काढायला दुसऱ्याला सांगा. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते सहज निघतं. दीड मिनिटानंतर अडकायला लागलं, तर तुम्ही रेलताय.